गावपळणीतला कॉम्प्युटर

१

बटण दाबलं की आतला पंखा अर्धा फेर घ्यायचा आणि थांबायचा. चौदा दिवस रोज हेच. आकांक्षा सकाळी चहाच्या आधी एकदा दाबायची, दुपारी जेवून उठली की एकदा, आणि मधल्या वेळात किती वेळा, ते मोजायचं तिच्या आईनेसुद्धा सोडून दिलं होतं.

बरं, मशीन काही भंगारातलं नव्हतं हो. कुडाळला जितेंद्रसरांकडे ती हार्डवेअरचा कोर्स शिकली, त्यांच्याच दुकानात बसून तिने ते स्वतःच्या हाताने जोडलं होतं. बोर्ड, प्रोसेसर, एकशे अठ्ठावीसची रॅम, हार्डडिस्क, सगळं नवं कोरं. तिथे पहिल्या झटक्यात सुरू झालं. विंडोज चढली, मराठी फाँट चढले. सर म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. घरी नीट चालू झालं की कळव, टायपिंगचं काम मी देतो. महिनाभर पुरेल इतकं आहे." मग पेटी मांडीवर, मॉनिटर गोधडीत, असं करत एसटीने ती आचऱ्याला उतरली आणि तिथून रिक्षाने खाजणवाडीला घरी आली. पडवीला लागून असलेल्या खोलीत टेबल मांडलं, वायरी जोडल्या, बटण दाबलं. अर्धा फेर.

व्होल्टेज कमी असेल म्हणून स्टॅबिलायझर आणला. अर्थिंग नसेल म्हणून न्हाणीमागे खड्डा खणून मीठ-कोळसा घालून वायर पुरली. रॅमच्या पट्टीचे दात खोडरबराने घासले. एकदा बोर्ड उचकटून पुन्हा कुडाळला नेला, तर तिथे टेबलावर तो शहाण्यासारखा सुरू झाला. सरांनी डोकं खाजवलं. घरी आणला, पेटीत बसवला, आणि पुन्हा तेच. जणू कोणी पंख्याला हळूच बोट लावून म्हणत होतं, थांब.

"शिरा पडो त्या पेटयेर!" आई विमला म्हणायची. "जेव तरी वेळेर."

पण जेवण कसं जाणार? तिचे वडील परशुराम शब्द देऊन बसले होते. आकांक्षा दोन वर्षं मुंबईला प्रेमलता आत्याकडे राहून पॅकिंगच्या कंपनीत उभी राहिली होती, आणि ताप घेऊन परत आली होती. "मी परत जावचंय नाय," एवढंच तिचं म्हणणं. परशुराम वाईट माणूस नव्हे. पण घरात बसलेली सव्वीस वर्षांची मुलगी त्यांना सुचू देत नव्हती. ते म्हणाले, "मार्गशीर्ष सरापर्यंत तुझा ह्या यंत्र चालू झाला तर ऱ्हव सुखान. नाय झाला तर आत्येकडे. मगे माज्याशी वाद नको."

आणि मार्गशीर्षाचे दहा दिवस उरले असताना ढोल वाजला.

२

खाजणवाडीत तीन वर्षांनी एकदा गावपळण असते. देवी सातेरीचा कौल झाला की अख्खा गाव मोकळा करायचा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा. खाडी ओलांडून पलीकडच्या वाळूच्या पुळणीवर माडाच्या झापांच्या झोपड्या घालायच्या आणि तीन दिवस तिथे राहायचं. चौथ्या दिवशी तिथल्याच वेशीवरच्या पाषाणाला फुलं लावून विचारायचं, येऊ का? हो म्हटलं तर यायचं.

घराला कडी घालायची, कुलूप नाही. चूल विझवायची. वीज आल्यापासून त्यात एक भर पडली होती, मेन स्विच खाली ओढायचा. आणि त्या तीन दिवसांत विसरलेलं काहीही आणायला, अगदी तान्ह्याचं औषध असलं तरी, गावात पाऊल टाकायचं नाही.

गाव मोकळा करायचा तो कोणासाठी? लहानपणी आकांक्षाने हे एकदा विचारलं होतं. "त्यांच्यासाठी," वडील म्हणाले होते, आणि आईने पटकन तिच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा कोंबला होता.

निघताना परशुरामांनी मेन खाली ओढला. आकांक्षाने मशीनवर जुनी चादर टाकली.

३

गावपळण म्हणजे खरं तर मजा. पुळणीवर चुली पेटल्या, तव्यावर बांगडे चुरचुरले, बायकांनी फुगड्या घातल्या, म्हातारे पत्ते कुटायला बसले. आकांक्षा मात्र झोपडीच्या दारात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. समोर वडील तांदळाचं पोतं ठेवायला जागा करत होते. त्यांनी चार दगड मांडले आणि त्यावर फळी टाकली.

"खाली टेकला तर ओल धरतला," ते आईला सांगत होते.

आकांक्षा ताठ बसली.

टेकणं! पेटीच्या पत्र्यावर बोर्ड थेट टेकत नाही. मधे पितळी बुटके खिळे लावायचे असतात, त्यावर बोर्ड अधांतरी राहतो. एखादा खिळा राहिला, की बोर्ड पत्र्याला लागतो आणि करंट भलतीकडे जातो. मग काय होतं? पंखा अर्धा फेर घेतो आणि थांबतो! आणि कुडाळला? कुडाळला दोन्ही वेळा तो टेबलावर उघडा चालवला होता. पेटीत घालून तिथे एकदाही चालवला नव्हता. किती साधं होतं हे! चौदा दिवस आपण काय गवत खात होतो काय?

गाव उघडायला अजून तीन दिवस. मग कौल, मग घर आवरणं. उरलेल्या दिवसांत जर हा दोष नसला आणि दुसराच निघाला, तर? वेळच उरणार नव्हता. आणि मुळात बघितल्याशिवाय तिला घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाडीला सुकती लागली, पाणी घोट्यापर्यंत उतरलं. तिने शिंपल्यांची टोपली घेतली, पदराखाली स्क्रूड्रायव्हर खोचला.

"आये, तिसरे काढून येतंय."

"भरती लागाच्या आधी ये गो," विमला म्हणाली, आणि फुगडीकडे वळली.

४

दुपारचं ऊन गावावर सांडलं होतं. आकांक्षाने असा गाव कधी पाहिला नव्हता. कोंबडं नाही, कुत्रं नाही, रेडिओ नाही. तिच्या चपलांचा आवाज तिलाच मोठा वाटला म्हणून तिने त्या काढून हातात घेतल्या.

मंडपेश्वराच्या पारापाशी आली तेव्हा तिला रहाटाचा आवाज आला. कुईं, कुईं, मग पाणी ओतल्याचा धबधब.

कोणी तरी आपल्यासारखंच चोरून आलंय, तिने स्वतःला समजावलं. अहो, एवढा मोठा गाव, एखादा तरी असणारच. मग उजवीकडच्या घरामागे हीरांची केरसुणी फिरल्यासारखी वाटली. पुढे कुठेतरी जमिनीतल्या व्हायनात मुसळ पडत होतं, एकसारखं, न दमता. तिने डोकावून पाहिलं नाही. वाऱ्याने झावळ्या घासतात, त्याचाच आवाज हा, असं तिने ठरवलं. वारा मात्र नव्हता.

घराचं अंगण झाडलेलं होतं. निघताना गडबडीत आईने ते झाडलं नव्हतं, हे तिला पक्कं आठवत होतं. केरसुणीच्या रेघा ताज्या होत्या आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तिने कडेकडेने जाऊन कडी काढली.

आत गेल्यावर तिने मेन वर केला, चादर ओढली, पेटीचे स्क्रू सोडवले. बोर्ड उचलला. खाली बघितलं.

सहाच्या सहा पितळी खिळे जागेवर होते. एकही राहिला नव्हता. बोर्ड कशालाच लागत नव्हता.

आकांक्षा जमिनीवर फतकल मारून बसली. तिला हुंदका आला. आता आत्याची खोली, आता ती कंपनी, आता जन्मभर ते डबे भरणं. मुंबईची वाट तिला समोर दिसत होती. खूप वेळाने तिने डोळे पुसले, बोर्ड होता तसा बसवला, वायरी लावल्या, खुर्चीत बसली. काहीही बदललेलं नव्हतं. तरी सवयीने तिने बटण दाबलं.

५

पंखा फिरला. अर्धा फेर, पुरा फेर, आणि मग फिरतच राहिला.

मशीनने एकदाच बीप केलं. एक बीप म्हणजे सगळं ठीक, हे कोर्सच्या पहिल्या दिवशी शिकवतात.

आणि त्या बीपबरोबर गावातला रहाट थांबला. केरसुणी थांबली. मुसळ थांबलं, तेही उचललेलं असताना, कारण पडल्याचा आवाज आलाच नाही.

त्यांनी ऐकलं, असं आकांक्षाच्या मनात आलं. आपलं आपल्यालाच कळेना, त्यांनी म्हणजे कोणी?

मग बाहेरून येणं सुरू झालं. पावलं म्हणता येणार नाहीत. पाचोळ्यातून पाणी सरकावं तसा आवाज, आणि तो चारी बाजूंनी. आवाराच्या गडग्यापाशी आला. अंगणात आला. पडवीत आला. खोलीतला उजेड कमी झाला, दारात माणसं दाटली की होतो तसा. सुरंगीच्या फुलांचा आणि ओल्या वारुळाच्या मातीचा वास आला.

ती वळली नाही. मॉनिटर अजून पुरता पेटला नव्हता, काच काळीच होती, आणि त्या काचेत तिच्या मागचं दार दिसत होतं. दार भरलेलं होतं. एकामागे एक, एकावर एक. पुढे बुटके होते, मागे उंच, इतके उंच की त्यांची डोकी दाराच्या चौकटीच्या वर कुठेतरी गेली होती. चेहरे तिला दिसले नाहीत. पण ते सगळे थोडे पुढे वाकले होते, आणि तिच्याकडे नाही, मशीनकडे बघत होते.

पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मेमरीचे आकडे भराभरा वर चढू लागले. तिच्या पाठीमागे, दारापासून थेट गडग्यापर्यंत, एक लांब श्वास आत घेतला गेला.

आता खरं सांगायचं तर, तिला त्या घटकेला भीती वाटली नाही. तिचे डोळे भरून आले. चौदा दिवस घरात त्या पेटीला शिव्याच पडत होत्या. वडील पेटीला डबडं म्हणत होते. आणि इथे हे एवढे सगळे, कोण जाणे किती जुने, तिच्या हाताने जोडलेल्या मशीनकडे लहान मुलं जत्रेत बघतात तसे श्वास रोखून बघत होते. तिची छाती अभिमानाने भरून आली. आपण केवढ्या मोठ्या कशासमोर पाठ करून बसलोय, हे तिला कळलं, आणि अंगावर काटा आला तो आदराचा.

पडद्यावर ओळ येऊन थांबली होती. तारीख चुकीची आहे, पुढे जायला एफ-वन दाबा. तिचा हात उठेना.

घरात कोणी आलं तर उभं ठेवायचं नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ती मान खाली घालून उठली, खुर्ची थोडी मागे ओढली आणि हात जोडून म्हणाली, "बसा."

आणि ती मागच्या दाराने निघाली. उंबरा ओलांडते तोच आतून कळ दाबल्याचा आवाज आला. टुक.

६

खाडीत गुडघाभर पाणी चढलं होतं. अर्ध्यात पोचली तेव्हा पाण्यावरून विंडोज उघडल्याचा तो सूर आला, स्वच्छ आणि गोड. ती थांबली. वळावंसं वाटलं, पण वळली नाही. तिसरे काही मिळाले नाहीत, असं तिने आईला सांगितलं.

चौथ्या दिवशी सगळा गाव वेशीवरच्या पाषाणासमोर जमला. बोचकी बांधून तयार होती. वयाने सगळ्यांत मोठा गावकर शिवा, त्याने ओली फुलं पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गाऱ्हाणं घालायचा मान परशुरामांचा होता. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणाले, आणि डावं फूल टपकन खाली पडलं.

"असता एखादेवेळेक," शिवा म्हणाला. "उद्या बघू."

पाचव्या दिवशी डावं. सहाव्या दिवशीही डावं. असं कोणाच्या आजोबांनीही ऐकलं नव्हतं. तांदूळ संपत आले, दोन तान्ह्यांना ताप भरला, आणि हौसाबाईच्या सुनेचे दिवस भरलेले, तिला झापाखाली ठेवायचं कसं? लोक एकमेकांकडे बघेनात. कोणाचं तरी काहीतरी चुकलंय, हे सगळ्यांना कळत होतं.

काय ते एकट्या आकांक्षालाच माहीत होतं. रात्रंदिवस तिच्या कानात ती कळ वाजत होती. अजून त्यांचं बघून झालं नाही. आणि आपणच बसा म्हटलंय.

७

सातव्या दिवशी सकाळी ती वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. शिवा तिथेच तंबाखू मळत होता.

"बाबा, मी गावात गेल्लंय."

परशुराम ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "कित्याक?"

"मशीन बघूक. चालू झाला. मगे ते सगळे इले. दारात उभे ऱ्हवले." तिचा आवाज फुटला. "माका कायच सुचला नाय. मी त्यांका बसा म्हटलंय."

शिवाच्या हातातली तंबाखू खाली पडली. तो हळू म्हणाला, "परशा, चोरी केली असती तर दंड भरून मोकळे झालो असतो. पण घराकडे इलेल्यांका बसा म्हटल्यार, उठा आता कोणी म्हणाचा?"

पाषाणासमोर पुन्हा सगळा गाव जमला. परशुरामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बा देवी सातेरी, चेडवाच्या हातसून चूक झाली ती पोटात घाल. ता यंत्र आज धरून तुझा!"

"व्हय म्हाराजा!"

कोणतंच फूल हललं नाही.

"ता यंत्र ठेवलेली खोली तुझी. आमी थय पाय ठेवचो नाय!"

"व्हय म्हाराजा!"

डावं फूल किंचित सरकलं. बायकांमध्ये कोणीतरी रडायला लागलं. शिवाने वर हात केला आणि आकांक्षाला पुढे बोलावलं.

"चेडवा, खरा सांग. तुका काय व्हया होता? कित्यासाठी गेलंस थय?"

"माका हयच ऱ्हवाचा होता," ती म्हणाली. "आपल्या गावात. मशीन चालू झाला असता तर बाबांनी ऱ्हवाक दिला असता. बाकी काय नाय."

शिवाने परशुरामांकडे बघितलं. परशुरामांनी मान हलवून नाही म्हटलं. शिवा बघतच राहिला. बायकांतून विमला ओरडली, "तसा म्हणू नका हो!" पण हौसाबाईची सून तिथेच झाडाखाली पोट धरून बसली होती, आणि ते परशुरामांना दिसत होतं.

"बा देवी सातेरी," परशुराम म्हणाले. "चेडू हयच ऱ्हवात. यंत्र तीच चलयत. ती जल्मभर खंय..."

उजवं फूल पडलं. पुढचं वाक्य ऐकायलासुद्धा थांबलं नाही.

"व्हय म्हाराजा!" म्हणून गाव गरजला. बोचकी उचलली गेली, पोरं नाचायला लागली, कोणीतरी ढोलावर टिपरी मारली. आकांक्षा जागच्या जागी उभी होती. जे मिळावं म्हणून ती मशीनशी झुंजली, चोरून गावात गेली, ते सगळं तिला मिळालं होतं, तेही पुऱ्या गावासमोर, खुद्द सातेरीच्या कौलाने. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आत्याच्या खोलीची, त्या गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांची, कडकडून आठवण आली. निदान तिथून परत येता तरी आलं होतं.

दंगा हळूहळू शांत झाला. तिला उशिरा कळलं, की लोक खाडीच्या कडेला थांबलेत आणि कोणीच पाण्यात उतरत नाही. ते दोन बाजूंना सरकले होते. मधे वाट मोकळी ठेवली होती.

"तू फुडे हो, बाय," शिवा म्हणाला. त्याने आजवर तिला कधी बाय म्हटलं नव्हतं. त्याने हात जोडले होते.

विमला पुढे धावली. "मी येतंय तिच्या वांगडा!" परशुरामांनी तिचा दंड धरला आणि सोडला नाही. ते स्वतः रडत होते.

आकांक्षाने साडी थोडी वर खोचली आणि पाण्यात पाय घातला. पलीकडे घराची कौलं उन्हात दिसत होती आणि खोलीची खिडकी उघडी होती. तिच्या मागे कोणीही पाण्यात उतरल्याचा आवाज आला नाही.